जोड्यांची झबली

माणसाची ओळख बहुतेक वेळा चेहऱ्यापासून होते. यमुनाबाईंची आणि माझी ओळख त्यांच्या पायांपासून झाली, आणि एवढ्यापुरता तरी माझा काही दोष नव्हता. म्हैसुरातल्या ज्या कन्याशाळेत मी पंचविशीत कारकून म्हणून लागलो, तिथं पुरुषमाणसानं मुलींच्या समोर वावरू नये म्हणून माझी खोली व्हरांड्याच्या खालच्या अंगाला, उतारावर काढलेली होती. टेबलासमोर एकच लांबट खिडकी. तिची कड आणि वरच्या व्हरांड्याची फरशी एका पातळीत. मान वर केली की मला शाळा दिसायची ती घोट्यापर्यंत.

पहिल्या काही दिवसांतच मी सगळ्यांना पायांवरून ओळखू लागलो. मुलींचे पाय अनवाणी, धुळीचे, सतत एकमेकांना ढकलणारे. कन्नड शिकवणारे म्हातारे पंडित टाच घासत जायचे. मुख्याध्यापिका सुंदरम्मा यांचे पाय रुंद आणि संथ. जोडवी फरशीवर टेकली की शाळा आपोआप गप्प व्हायची. आणि या सगळ्यांतून सकाळी एक जोडा जायचा. जोडा म्हणजे पायातला जोडा. त्या काळी आमच्याकडं बायका चपलासुद्धा घालत नसत. जोडे घालायच्या त्या मिशनच्या मडमा. हे पाय मात्र आपल्याच माणसाचे होते, वर नऊवारीचे काठ होते, आणि जोडे रोज निराळे.

सोमवारी विटकरी. मंगळवारी निळे, त्यावर पांढरी बुट्टी. पुढं कधी हिरवे, कधी जांभळाच्या फळासारखे, कधी केशरी काठाचे. लुगड्याचा जो रंग तोच जोड्यांचा, तंतोतंत. थंडीत म्हैसुरात सकाळी धुकं असायचं. चामुंडीचा डोंगर दहा वाजेपर्यंत नसल्यासारखा व्हायचा. त्या करड्या उजेडात ते रंगाचे दोन ठिपके व्हरांड्याच्या एका टोकाकडून तरंगत यायचे आणि दुसऱ्या टोकाला विरून जायचे. मी लेखणी दौतीत बुडवून तशीच धरून बसायचो. ते गेल्यावर कागदावर शाईचा थेंब पडलेला असायचा.

शिपाई मादय्या आणि मी पैज लावली, बाईंकडं जोडे किती. मादय्या म्हणाला, "राजवाड्यातल्या कुणाच्या तरी लेक असणार, स्वामी. खोलीभर असतील." मी म्हणालो, डझनभर. दोघेही हरलो.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी दिवसाचं काम आवरत होतो. खिडकीसमोर कुणीतरी येऊन पायरीवर बसलं. त्या दिवशीचे गुलबक्षी जोडे माझ्या नाकासमोर. मग दोन हात खाली आले, घोट्याजवळची नाडी सोडली आणि गुलबक्षी रंग सालीसारखा सोलून काढला. आत साधा काळा चामड्याचा जोडा. डाव्याचा तळ उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं जाड. हातांनी पिशवीतून पिवळं रेशमी काहीतरी काढलं आणि ते जोड्यांना घालायला लागले, तान्ह्या मुलाला झबलं घालावं तसं, आधी टाच, मग चवडा. तेवढ्यात हात थांबले. एक चेहरा उलटा होऊन खिडकीत आला.

"झालं का बघून?"

मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो.

"बसा हो, सुम्ने, उगाच घाबरू नका. मराठीच ना तुम्ही?"

"होय. आजोबा शिलेदारांत होते."

"मग ते घोडेही असेच बघत असतील, पायांपासून. मी यमुना. रंगाऱ्यांची. लग्नाला जायचंय, घरी जाऊन बदलायला वेळ नाही, म्हणून लुगडं आत बदललं आणि झबली इथं." मग माझी नजर कुठं अडकली आहे ते ओळखून त्यांनी डावा जोडा पुढं केला. "ही थोरली. ही धाकटी. थोरलीचा तळ जाड, कारण माझा हा पाय आखूड. लहानपणी ताप आला होता. मिशनच्या दवाखान्यात एक गोरा डॉक्टर होता, त्यानं करून घेतले. यांच्याशिवाय मी होडीसारखी चालते. शाळेत कुणाला ठाऊक नाही. आता तुम्हाला झालं."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणालो.

"तुमच्याकडं बघून वाटतंच ते. तुम्ही कुणाला काहीच सांगत नसाल."

हे त्या थट्टेनं बोलल्या. आता पन्नाशीच्या जवळ आलेला मी ते वाक्य आठवतो तेव्हा मला त्यात थट्टा ऐकू येत नाही.

यमुनाबाईंचे वडील, अप्पा, रंगारी. त्यांच्या अंगणात निळीचे रांजण पुरलेले होते आणि लांबच लांब ओली लुगडी बांबूंवर वाळत असायची. चार-पाच पिढ्या म्हैसुरात काढलेलं हे मराठी घर. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. लेकीचं लग्न जमणार नाही हे दिसल्यावर बापानं तिला शिकवलं. ती शिवण, चित्रकला आणि मराठी-कन्नड दोन्हींचं वाचन शिकवायची. लुगडं रंगवून झालं की त्याच रांजणात शेवटी एक चिंधी बुडवायची हा तिचा हक्क. त्या चिंधीचं झबलं व्हायचं. सुती लुगड्याला सुती, रेशमी काठाला रेशमी. पावसाळ्यात झबली भिजत म्हणून जोडेच रंगवायचे. काळ्या रंगासाठी जास्वंदीची फुलं घासायची, जिला आमच्याकडं दासाळ म्हणतात. चुरगाळलेलं फूल चामड्यावर चोळलं की सुरुवातीला जांभळट आणि मग पाण्यासारखा चकचकीत काळा रंग येतो. अशा दिवशी त्या खिडकीशी थांबून मला, शाळेच्या रायटरला म्हणजे कारकुनाला, विचारायच्या, "रायटर, आज कसा काळा? शिक्षकिणीचा की सावकारणीचा?"

इतका खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "रंग आधी पोचतो, माणूस मागून येतं. लोक रंग बघतात तेवढ्यात मी चालून जाते." मग थोड्या वेळानं, "आणि मला आवडतं. तेवढंच कारण असतं तरी केलं असतं."

त्या साध्याभोळ्या मुळीच नव्हत्या. दुसऱ्यांच्या शिवणातल्या चिंध्या उचलायच्या. पंडितांच्या नव्या उपरण्याचा कोपरा एकदा नाहीसा झाला, तो पुढं कुठं दिसला ते मला ठाऊक आहे. स्वप्नं सांगायची तर त्यांना फारच हौस. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या कडेला बसायच्या, मुलींना वाटावं वही तपासताहेत, आणि खाली माझ्या खिडकीत सांगत राहायच्या. "काल बघितलं, कुक्करहळ्ळीचं तळं सगळं निळीचं झालंय. मी थोरलीला आणि धाकटीला काठावर ठेवलं आणि आत गेले. बाहेर आले तर दोघी नाहीत. तळ्यात चालत निघाल्यात, पाण्यावरून, आमच्या अप्पांना भेटायला." असं काहीतरी. त्यांचा आवाज मऊ होत जायचा, वर कबुतरं घुमायची, चंदनाच्या वखारीकडून वारा आला तर सगळ्या दुपारीला एक झोप यायची. मी हिशोब चुकवायचो. चूक सापडली की मला अपराधी वाटायचं. पण खिडकी लावून घ्यावी असं कधी वाटलं नाही.

सुंदरम्मांशी त्यांचं एकदा वाजलं. सुंदरम्मांनी बक्षीस समारंभासाठी मोरपंखी साडी घेतली होती. तिचं सूत अप्पांच्याच रांजणातलं. समारंभाच्या दिवशी यमुनाबाई आल्या त्या मोरपंखी जोडे घालून. सुंदरम्मांचे रुंद पाय व्हरांड्यात जागच्या जागी थांबले.

"यमुना, हा माझ्या पदराचा रंग."

"होय अम्मा. एकाच रांजणातला."

"माझ्या पदराचा रंग तू पायात घालणार? मी डोक्यावरून घेते तो?"

बाकीचे पाय हळूहळू गोळा झाले. मला वाटलं, आता नोकरी गेली. यमुनाबाई खाली बसल्या, नाड्या सोडल्या, दोन्ही झबली काढून घेतली. "चुकलं अम्मा. तुम्ही आत चला," एवढंच म्हणाल्या आणि दिवसभर साध्या काळ्या जोड्यांनी वावरल्या. दुसऱ्या दिवशी सुंदरम्मांच्या छत्रीच्या मुठीला मोरपंखी गोंडा होता आणि टोकाला त्याच रंगाची पट्टी. "बघा, आता डोक्यावर गेला," यमुनाबाई म्हणाल्या. सुंदरम्मा कठोर होत्या, पण हसू आलं की त्यांना ते आवरत नसे. तो गोंडा त्यांनी विटेपर्यंत वापरला. तो मूळ पायातला होता हे मात्र त्या कधीच कुणाला सांगत नसत.

त्याच सुमारास शाळेची दुसरी शाखा निघायची ठरली. नवी इमारत, मागं दोन खोल्या मुख्याध्यापिकेला राहायला. सुंदरम्मांनी यमुनाबाईंचं नाव सुचवलं. त्या दोन खोल्यांचं यमुनाबाईंना वेड लागलं. वडील थकले होते, विलायती पुड्यांचे रंग बाजारात आल्यापासून रांजण रिकामेच असत, आणि भावाचं लग्न झाल्यापासून घरात त्या पाहुण्यासारख्या वावरत. "वहिनी वाईट नाही हो," त्या म्हणायच्या, "पण मी काही उचललं की ती जागा पुसते." नव्या शाळेच्या अंगणात एक रांजण पुरायचा, भिंतीला खुंट्या मारून सगळी झबली ओळीनं टांगायची, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की त्या खोलीत मीच जाऊन आल्यासारखं वाटायचं.

अडचण होती ती कमिटीच्या सेक्रेटरींची. नंजुंडय्या त्यांचं नाव. माणूस प्रामाणिक, पण जुन्या मताचा. एका बाईंचा एक डोळा अधू होता, म्हणून त्यांना वर्गावर ठेवलं पण बढती दिली नाही. "मुख्याध्यापिका म्हणजे शाळेचं तोंड. ती अंगानं धड हवी. लोक मुली पाठवताना बघतात," असं ते माझ्यासमोर सुंदरम्मांना म्हणाले होते. मी ते यमुनाबाईंना सांगितलं. तेवढं मी केलं.

आणि मग नवरात्रात राजवाड्यातून एक वृद्ध बाईसाहेब शाळेला भेट देणार असं ठरलं. त्यांच्यापुढं पाद्यपूजेचं तबक घेऊन कुणी जायचं? सुंदरम्मांनी ठरवलं, यमुना जाईल. नंजुंडय्यांना समोर दिसू दे. चांगल्या मनानंच ठरवलं त्यांनी. पण राजवाड्यातलं माणूस समोर असताना पायात काही चालत नसे. दिवाणखान्याच्या दाराशी सगळ्यांनी जोडे काढायचे, दारापासून आसनापर्यंत गालिचा, आणि त्यावरून पेटलेलं निरांजन ठेवलेलं तबक घेऊन चालायचं. पहिल्याच रांगेत नंजुंडय्या.

"नाही म्हणा," मी म्हणालो. "ताप आहे म्हणून सांगा."

"मग तबक नेणारी दुसरी होईल आणि दोन खोल्यांत राहणारीही तीच."

त्या काही दिवस खिडकीशी आल्याच नाहीत. मग एका दुपारी व्हरांड्याच्या कडेला बसून त्यांनी हळूच विचारलं, "रायटर, अंगाचा रंग कसा असतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या पायाचा. गव्हाळ म्हणतात, पण गहू असा नसतो. कात आणि हिरडा उकळून बघितला, फार लाल येतो. पळसाच्या फुलांत पिवळा येतो. घोट्याशी एक रंग, बोटांशी दुसरा."

त्या जोड्यांना पायांचं रूप देणार होत्या.

मी घाबरलो. ही फसवणूक आहे, देवाचे दिवस आहेत, असं काहीबाही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. "त्यांना जोडे दिसायला नकोत. मी दिसू देणार नाही. निरांजन कलंडून गालिच्यावर तेल सांडलं तर जास्त बरं होईल का?" मग म्हणाल्या, "आजवर लुगड्यांशी जोडे जुळवले. आता एकदा माझ्याशीच जुळवते."

एका मडमेच्या जुन्या हातमोज्यांचं मऊ पांढरं कातडं त्यांनी मिळवलं. त्याची बोटं मुळातच होती. ती आखूड करून, आत कापूस भरून त्यांनी जोड्यांच्या टोकाला बसवली, नखांच्या जागी शिंपल्याचे चकचकीत तुकडे लावले. शिवणी दिसत होत्या, त्यांवर मेंदीच्या रेघा काढल्या. वर चांदीचे तोरडे. तळाला नमदा, जाड लोकरीचा थर, आवाज येऊ नये म्हणून. आणि हे सगळं त्यांनी दिवसच्या दिवस रंगवलं, पुसलं, पुन्हा रंगवलं. लुगडं जरा खाली सोडलं की पुढं दिसणार ती फक्त बोटं आणि चवडा.

परीक्षा माझ्याच खिडकीसमोर झाली. शाळा सुटताना मुलींच्या घोळक्यात मिसळून त्या व्हरांड्यातून गेल्या आणि मग परत येऊन वाकल्या. "यातले माझे कुठले होते?"

"मेंदीचे? खांबाजवळचे?"

"ते पंडितांच्या नातीचे."

त्या हसायला लागल्या आणि थांबेनात. मीही हसलो. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं, झालं, आता काही होत नाही.

भेटीच्या दिवशी मला पाहुण्यांसाठी फुलं सांभाळायला दिवाणखान्याच्या बाजूच्या दारात उभं केलं होतं. राजवाड्यातल्या दासींपैकी एक म्हातारी माझ्याजवळ आली. पुट्टम्मा म्हणत होते तिला. हातात चांदीची वाटी. तिनं थोडं गरम पाणी मागितलं. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, हळद कालवायला. नवरात्रात बाईसाहेब जिथं जातील तिथं, तबक आणणारी लग्न न झालेली असेल तर तिला कुमारिका मानून तिच्या पायांना हळद लावायची, असा त्यांचा नेम. "वय कितीही असू दे," म्हातारी म्हणाली, "देवी काय जन्मसाल विचारते?"

पाद्यपूजा आम्ही त्यांची करणार होतो. त्या आमची करतील हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. यमुनाबाईंना सगळं ठाऊक होतं, कुठला रंग कुठल्या उजेडात कसा दिसतो ते. पण त्या पायांना कुणी हात लावील, हा विचारच त्यांनी केला नव्हता. आम्ही कुणीच केला नव्हता.

त्या समोरच्या दाराशी तबक घेऊन उभ्या होत्या. मला पडवीतून वळून तिथं पोचायला वेळ होता. मी पोचलोही. पण त्यांच्याजवळ सुंदरम्मा होत्या, नंजुंडय्या होते, आणखी दोन मोठे गृहस्थ. इतक्या लोकांत एका बाईला तिच्या पायांबद्दल काय सांगायचं? कुठल्या शब्दांत? यमुनाबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"काय रायटर?"

"काही नाही," मी म्हणालो. "ऊन फार आहे आज."

"दिवाणखान्यात कुठलं ऊन," सुंदरम्मा म्हणाल्या. आणि आत तुतारी वाजली.

त्या गेल्या. मी परत बाजूच्या दारात येऊन बघत होतो. त्या दिवशी त्यांचं लुगडं हस्तिदंती होतं, पातळ जरीकाठाचं. गालिचा लाल. दिव्याची ज्योत हलली नाही. त्या लाल गालिच्यावरून इतक्या सावकाश आणि सरळ गेल्या की स्वप्नातलं माणूस चालतं तसं वाटलं, ज्याचं अंतर कमीही होत नाही आणि वाढतही नाही. नंजुंडय्यांची मान हळूच हलली, पसंतीची. ते मला दिसलं.

तबक ठेवलं, नमस्कार झाला. बाईसाहेबांनी हात केला आणि यमुनाबाईंसाठी पाट मांडला गेला. त्यांना कळेना. पुट्टम्मा वाटी घेऊन पुढं बसली तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही, कारण मी तेव्हा खाली फुलांकडं बघितलं. मग वर बघितलं, कारण काहीच आवाज येत नव्हता.

म्हातारीचा हात डाव्या पायावर होता. तो तिथं थांबला होता. तिनं मान वर केली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं. मग पुट्टम्मानं मान खाली घातली आणि दोन बोटं हळदीत बुडवून त्या कातड्याच्या पायावर हळद लावली. चवड्यावर, टाचेकडं, प्रत्येक कापसाच्या बोटावर वेगळी. मग उजव्याला. घाई केली नाही. एखादी आजी नातीच्या पायाला लावते तशी तिनं लावली. वाकून काहीतरी बोलली, पदरानं हात पुसले आणि उठली. कुणाला काही कळलं नाही.

आठवड्यानं नेमणूक झाली. मी अभिनंदन करायला गेलो नाही, त्याच खिडकीशी आल्या.

"मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "हळदीचं. दाराशी आलो होतो ते तेच सांगायला."

"वाटलंच. उन्हाबद्दल तुम्ही कधी बोलत नाही."

"मला क्षमा करा, बाई."

"अय्यो, सांगितलं असतं तर मी पळाले असते. काय म्हणाली ती म्हातारी, ठाऊक आहे? म्हणाली, मगळे, पाय गार आहेत. फार चालवलेस, स्वल्प विसावू दे."

मगळे म्हणजे लेकी. त्यांनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तिनं हळद लावली ती जोड्यांना. माझ्या पायांना लागलीच नाही."

"तो रंग काढता येईल ना?"

"हळदीचा रंग कच्चा. दोन उन्हं दाखवली की उडतो. पण मी ऊन दाखवणार नाही. त्या दोघींना ट्रंकेत ठेवलंय, कापडात गुंडाळून. हळद लागलेल्यांवर आता कसला रंग चढवू?"

नव्या शाळेत त्या पहिल्या दिवशी गेल्या त्या अनवाणी. मी नव्हतो तिथं, मादय्यानं सांगितलं. अंगणात मुली रांगेत उभ्या, नंजुंडय्या हार घेऊन, आणि फाटकातून बाई आल्या, प्रत्येक पावलाला डावीकडं दबून पुन्हा वर येत. नंजुंडय्यांना वाटलं, वाटेत पाय मुरगळला. त्यांनी तसं विचारलं. "नाही स्वामी, लहानपणापासून असाच आहे," त्या म्हणाल्या. हार घातला गेला. हातातला हार परत नेता येत नाही. पण दिवाळी झाली, संक्रांत झाली आणि बदलीचा कागद माझ्याच टेबलावर नकलायला आला. येलवालच्या गावशाळेत. खोल्याबिल्या तिथं काही नव्हत्या.

तो मी सुवाच्य अक्षरात नकलला. त्यावर मी काही बोललो नाही. नवे जोडे करून घ्या, असंही त्यांना सांगायला गेलो नाही. जावंसं वाटायचं, पण आपण त्या दाराशी तोंड उघडलं असतं तर जोड्यांना हळद लागली नसती, आणि ही बाई आज त्या दोन खोल्यांत खुंट्यांना झबली टांगत असती, असं मनात यायचं आणि पाय निघत नसे. येलवाल काही काशी नाही. हुणसूरच्या रस्त्यावर, सकाळी निघून दुपारी परत येता येईल इतकं जवळ. तरी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, शाळेनं माझी खोली वर नेली.

गेल्या वर्षी हुणसूरला मेहुण्याच्या घरी जाताना आमची मोटार येलवालला थांबली. इंजिनात पाणी घालायचं होतं. मी उतरलो नाही. शाळा सुटायची वेळ होती. चिंचेखालून एक बाई बाहेर आल्या, मागं लहान मुलींची रांग. केस पांढरे झालेले, लुगडं धुवून धुवून कुठल्याच रंगाचं न राहिलेलं. त्यांनी हात वर करून एक बैलगाडी थांबवली आणि रस्ता ओलांडायला लागल्या. खाली दबत, वर येत. त्यांची नजर मोटारीवरून फिरली, माझ्यावरूनही, आणि पुढं गेली.

त्यांच्या मागून मुली निघाल्या. पहिली डाव्या पायावर दबली आणि वर आली. दुसरीही. तिसरीही. सगळी रांग हलक्या वाऱ्यात पीक डोलावं तशी डोलत रस्ता ओलांडत होती.

माझ्या शेजारचा प्रवासी म्हणाला, "इथलं पाणी वाईट दिसतं. सगळ्याच लंगड्या?"

खाली पाण्याची घागर घेऊन उभी असलेली बाई हसली. "नाही हो. शाळेतून येताना असंच चालतात. त्यांच्या बाई तशा चालतात म्हणून."

मी तिथं हाक मारायला हवी होती. ड्रायव्हरनं इंजिनाचं झाकण लावलं. रांगेतली शेवटची पोर, फार तर सहा वर्षांची, पाटी डोक्यावर धरून, जीभ दातांत धरून, अगदी मन लावून डावा पाय दाबत होती. पलीकडच्या कडेला पोचल्यावर बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीनं घराकडं बघितलं आणि दोन्ही पायांवर सरळ, भरधाव पळत सुटली.